नवा मीटर, वाढलेले युनिट

प्रश्न : आमच्या घरातील चकतीचा जुना मीटर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर बसवण्यात आला आणि पुढच्या दोन्ही बिलांत युनिट वाढले. घरात एकही नवे उपकरण आलेले नाही. नवा मीटर जास्त वेगाने चालतो आहे असे समजावे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु त्याआधी जुना मीटर मागे पडत होता का, हे पाहायला हवे. चकतीच्या मीटरमध्ये व्होल्टेजची आणि करंटची अशा दोन कॉइल असतात. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रांमुळे ॲल्युमिनियमची चकती फिरते आणि कायमचुंबकाच्या रोधामुळे तिचा वेग घरातील भाराच्या प्रमाणात राहतो. अशा मीटरचे पेटंट हंगेरीचे अभियंते ओटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये घेतले. ही रचना दीर्घायुषी असली, तरी वर्षानुवर्षांच्या झिजेने आणि धुळीने चकतीचे घर्षण वाढते, आणि त्याचा परिणाम सर्वाधिक होतो तो अगदी लहान भारावर. रिमोटची वाट पाहणारा टीव्ही, वायफायचा राउटर, भिंतीत अडकवून ठेवलेले चार्जर मिळून १० वॅट जरी सतत घेत असतील, तरी ३० दिवसांत ७.२ युनिट होतात. इलेक्ट्रॉनिक मीटर हा बारीक वापरही टिपतो.

याहून सामान्य कारण मात्र मीटरमध्ये नसून कागदावर असते. जुन्या मीटरचे रीडिंग काही महिने मिळाले नसेल आणि बिल सरासरीने आले असेल, तर मीटर काढताना राहिलेले सगळे युनिट एकदम जोडले जातात. म्हणून बदलाच्या नोंदीतील जुन्या मीटरचे अंतिम रीडिंग आणि नव्याचे प्रारंभिक रीडिंग बिलाशी ताडून पाहावे. मीटर काढला जात असताना दोन्ही आकड्यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे, असा माझा आग्रहच आहे, कारण जुना मीटर एकदा गेला की ग्राहकाच्या हाती दुसरा पुरावा उरत नाही.

मीटरची प्राथमिक परीक्षा घरीही करता येते. त्याच्यावर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो, म्हणजे १ युनिट वापरले की लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. आधी घरातील सर्व काही बंद करावे. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठे तरी गळती आहे किंवा कोणाची तरी तार आपल्या जोडणीत आली आहे. मग मधेच आपोआप बंद न होणारा, १००० वॅटचा एकच हीटर लावून घड्याळ पाहावे. ३ मिनिटांत १६० लुकलुकी यायला हव्यात. मात्र व्होल्टेज १० टक्के कमी असेल, तर तोच हीटर सुमारे १९ टक्के कमी वीज घेतो, त्यामुळे थोड्या फरकावरून मीटरला दोष देऊ नये.

या चाचणीची एक मर्यादा सांगणे मला आवश्यक वाटते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत ९ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले, तेव्हा डिमरने मंद केलेल्या एलईडी आणि ऊर्जाबचतीच्या दिव्यांच्या भारावर त्यांपैकी ५ मीटरनी प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त युनिट नोंदवले. सर्वांत मोठी चूक ५८२ टक्क्यांची होती. हे निष्कर्ष २०१७ मध्ये सर्वत्र चर्चिले गेले. असा भार करंट सलग न घेता तीव्र झटक्यांनी घेतो, आणि हीटरवर अचूक ठरलेला मीटर तिथे चुकू शकतो. घरात डिमर असल्यास काही दिवस ते न वापरता रोजचे रीडिंग लिहून तुलना करावी.

प्रश्न : मीटर अचूक आहे हे वीज कंपनी कशावरून ठरवते?

उत्तर : मीटरवर अचूकतेचा वर्ग लिहिलेला असतो, वर्ग १ म्हणजे ठरलेल्या भारमर्यादेत साधारण १ टक्का कमी-अधिक चूक चालते. तक्रार आल्यास प्रमाणित तपासणी मीटर त्याच तारेवर लावून दोहोंची नोंद ताडली जाते, किंवा मीटर सीलबंद करून प्रयोगशाळेत नेला जातो. सीलचा क्रमांक आपणही टिपून घ्यावा. याशिवाय ट्रान्सफॉर्मरवरच्या मीटरची नोंद आणि त्यावरील सर्व घरांच्या मीटरची बेरीज यांतील तफावत पाहिली जाते. तारांमधील नैसर्गिक घट वजा करूनही ती मोठी राहिली, तर चोरी, बंद पडलेला मीटर किंवा चुकीच्या ट्रान्सफॉर्मरखाली नोंदलेले घर यांचा शोध सुरू होतो. स्मार्ट मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद पाठवत असल्याने हा शोध बराच सोपा झाला आहे.

प्रश्न : मीटर स्वतः जी वीज घेतो, ती आमच्या बिलात येते का?

उत्तर : नेहमीच्या जोडणीत येत नाही. मीटरला लागणारी अल्प वीज, करंट मोजणाऱ्या भागाच्या आधीच, कंपनीकडून येणाऱ्या तारेवरून घेतलेली असते.