वाचक विचारतात: ‘डॉक’ एक की अनेक?

प्रश्न: डॉकयार्ड रोडला राहत असल्यामुळे डॉक म्हणजे गोदी, एवढं ठाऊक होतं. पण इंग्रजी पेपरात पुढारी ‘इन द डॉक’ असल्याचं वाचलं, ऑफिसात ‘पे डॉक होईल’ अशी तंबी ऐकली आणि शब्दकोशात तर डॉक नावाची वनस्पतीही निघाली. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

उत्तर: शब्द एक नाहीच, चार आहेत, स्पेलिंग तेवढं जुळलं. हे कोशातच कळतं. एका नोंदीखाली १, २, ३ असे अर्थ दिले असतील, तर ते एकाच शब्दाचे. तोच शब्द डोक्यावर बारीक आकडा घेऊन पुन्हा स्वतंत्र नोंद म्हणून आला, तर ते वेगळे शब्द. बरेच जण पहिली नोंद वाचून कोश मिटतात, तिथे घोळ होतो.

गोदीचा डॉक इंग्रजीत आला तो डच आणि उत्तर जर्मन किनाऱ्यावरून. ओहोटीला जहाज चिखलात टेकलं की त्याच्या बुडाखाली खळगा पडतो. तो खळगा म्हणजे डॉक. शिवडीच्या चिखलात कलंडलेली होडी पाहा, मूळ अर्थ समोर दिसेल. पुढे तो खळगा मुद्दाम खणला गेला, त्याला दगडी भिंती आल्या, दरवाजे आले. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. धक्क्याला लागलेलं जहाज एवढं वरखाली झालं तर माल उतरवणं अवघड, दोरही तुटायचे. म्हणून भरतीचं पाणी दरवाज्याआड कोंडून ठेवायचं, हे ओल्या डॉकचं काम. कुलाब्याचा ससून डॉक 1875 चा, प्रिन्सेस 1880, व्हिक्टोरिया 1888 आणि अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, 1914 ची.

सुक्या डॉकचं काम उलट. जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा आणि पाणी उपसायचं. तळाशी ओळीने ठोकळे मांडलेले असतात, त्यांवर जहाजाचा कणा टेकतो. ठोकळे त्या जहाजाच्या नकाशाप्रमाणे मांडले नसतील, किंवा जहाज एका बाजूला झुकलेलं असेल, तर सगळा भार थोड्याच ठोकळ्यांवर येतो आणि तळाचे पत्रे चेपतात. त्यामुळे कणा टेकताना उपसा हळू करतात आणि जहाज सरळ बसलंय ना, ते पाहूनच पुढे जातात.

कोर्टातला डॉक फ्लेमिश भाषेतला. तिथे त्याचा अर्थ कोंबड्या किंवा ससे ठेवायचा खुराडा. मराठीत आपण आरोपीचा पिंजरा म्हणतो, ते या मुळाशी चपखल बसतं, पण हा योगायोग, भाषांतर नव्हे. साक्षीदार मात्र डॉकमध्ये कधीच नसतो, त्याच्यासाठी ‘विटनेस बॉक्स’.

इथे ‘द’ जपून वापरा. ‘इन डॉक’ म्हणजे दुरुस्तीला लागलेलं जहाज, बोलीत गॅरेजमध्ये पडलेली गाडीसुद्धा. ‘इन द डॉक’ लिहिलंत की माणूस आरोपी झाला. अमेरिकी मजकुरात आणखी एक फरक: तिथे डॉक म्हणजे बहुधा नुसता धक्का, ज्यावर माणसं चालतात. ब्रिटिश लेखी डॉक म्हणजे पाण्याचा कोंडलेला भाग. त्यामुळे ‘ऑन द डॉक’ वाचलं की लेखक कुठला, याचा अंदाज बांधता येतो.

पगाराचा डॉक शेपटीवरून आला. जनावराच्या शेपटीचा मांसल, हाडाचा भाग तो डॉक. त्यावरून शेपूट छाटणं आणि मग काहीही छाटणं. लिहिताना ‘त्याचा पगार डॉक केला’ किंवा ‘पगारातून हजार रुपये डॉक केले’, दोन्ही रचना चालतात. रजेच्या अर्जात मात्र ‘डिडक्ट’ लिहावं. डॉकमध्ये शिक्षेचा वास आहे, तो आपणहून कशाला अंगाला लावून घ्या!

प्रश्न: मग वनस्पती कोणती? आपल्याकडे मिळते का?

उत्तर: मिळते, दादरच्या मंडईत जुडीने. आपला आंबट चुका डॉकच्याच गटातला. त्या गटाचं शास्त्रीय नाव रुमेक्स. चुक्याला इंग्रजीत ‘ब्लॅडर डॉक’ म्हणतात, कारण त्याची फळं फुगीर, कागदासारख्या पातळ पिशव्यांत असतात. हे नाव जुन्या इंग्रजीतलं, गोदीशी संबंध नाही. आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा. म्हणून चुका अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या भांड्यात शिजवू नये, स्टीलचं पातेलं घ्यावं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. ‘बर्डॉक’ नावाला फसू नका: पानं डॉकसारखी मोठी म्हणून ते नाव पडलं, पण ती वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली.

प्रश्न: इस्रोचं ‘डॉकिंग’ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘डॉक पाठव’ यांतलं गोदीचं कोणतं?

उत्तर: इस्रोचं. 16 जानेवारी 2025 रोजी स्पेडेक्स या इस्रोच्या मोहिमेतले दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले गेले, ते जहाज धक्क्याला लागण्याच्या अर्थाने. लॅपटॉपचं डॉकिंग स्टेशनही त्यातलंच. ‘डॉक पाठव’मधला डॉक म्हणजे डॉक्युमेंट. त्याच्या स्पेलिंगला शेवटी ‘के’ नाही. देवनागरीत तो फरक पुसला जातो, म्हणून गोंधळ. डॉक्युमेंट आणि डॉक्टर हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘शिकवणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आले.