चीर गोंदामुळे नाही : लाकूडकामाचे तुमचे प्रश्न

या वेळी पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय कारण तीच चूक मी स्वतः करून बसलोय.

प्रश्न : सागाच्या पाच फळ्या शेजारीशेजारी चिकटवून ६० सेंटीमीटर रुंदीचा टेबलाचा टॉप बनवला. वाकू नये म्हणून खालून तीन आडव्या पट्ट्या गोंद लावून स्क्रूने आवळल्या. आठ महिने छान होता, आता एका फळीला हातभर चीर गेलीय. गोंद हलका निघाला का? पुट्टी भरून पॉलिश मारलं तर चालेल का?

गोंदाला बोल लावू नका, बिचाऱ्याने काम चोख केलंय. चीर नीट बघा, जोडावर नाहीये, जोडाच्या शेजारी फळीच्या अंगात आहे ना? म्हणजे गोंद लाकडापेक्षा घट्ट निघाला.

गडबड त्या तीन पट्ट्यांची आहे. लाकूड लांबीत जवळपास हलतच नाही पण रुंदीत मात्र कायम हलतं, हवा दमट झाली की फुगतं, कोरडी झाली की आकसतं, आणि पॉलिशने हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं. हिशोबच करू. ओल्या लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसायला लागतं, आणि तिथून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागाची साधी चिरलेली फळी रुंदीत साधारण ५ टक्के कमी होते. तुमच्या टॉपमधला ओलावा वर्षभरात फक्त ४ टक्के इकडेतिकडे झाला तरी ६० सेंटीमीटरमागे ४ मिलिमीटरचा फरक पडतो. आता पट्ट्यांचे रेषे टॉपच्या रुंदीच्या दिशेने आहेत, म्हणजे त्या दिशेत पट्टी हलणार नाही, टॉप हलायला बघणार, आणि तुम्ही दोघांना गोंद आणि स्क्रूने बांधून टाकलंय. ते ४ मिलिमीटर कुठून तरी निघणारच, ते फळी फाडून निघाले.

माझ्या पहिल्या मोठ्या पेटीचं झाकण असंच गेलं होतं. रात्री कोणीतरी जोरात टाळी वाजवावी तसा आवाज आला, मला वाटलं कपाटातून काहीतरी पडलं, सकाळी बघतो तर झाकणात या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड दिसतोय.

पुट्टी भरू नका. आज चीर बुजेल पण दमट हवेत फळी फुगली की पुट्टीला जागा राहणार नाही आणि ती वर तरी येईल नाहीतर शेजारी नवीन चीर पाडेल. आधी पट्ट्या काढा, गोंद लावलाय म्हणजे पटाशीने आणि रंध्याने उतरवाव्या लागतील, वैताग आहे पण इलाज नाही. मग टॉप त्याच खोलीत भिंतीला तिरका टेकवून दोनतीन आठवडे ठेवा, दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे. लाकूड हवेशी जुळलंय का हे कळायला त्याच लाकडाचा एक तुकडा घ्या आणि दर दोन दिवसांनी छोट्या काट्यावर वजन करा, वजन बदलायचं थांबलं की झालं. त्यानंतर चिरेवरून सरळ करवत मारून टॉपचे दोन भाग करायचे, कडा रंध्याने सरळ करायच्या आणि परत चिकटवायचं. साग तेलकट असतो म्हणून गोंद लावायच्या जरा आधी कडा थिनरने पुसून घ्या. पट्ट्या परत लावताना गोंद अजिबात नाही. मधला स्क्रू साध्या गोल भोकात, बाकीच्या स्क्रूंची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करायची, वॉशर टाकायचा आणि स्क्रू बेताचा आवळायचा. मग टॉप मधून दोन्हीकडे पाहिजे तितका सरकू दे.

प्रश्न : पाइनवर माझा रंधा लोण्यासारखा चालतो, पण शिसवावर मारला की जागोजागी टवके उडतात. दिशा उलटी करून बघितली तर दुसरीकडचे उडतात. रंधा बदलू का?

रंधा ठेवा. शिसवात बऱ्याचदा रेषे एका पट्ट्यात चढते आणि शेजारच्या पट्ट्यात उतरते असतात, त्यामुळे कुठल्याही दिशेने गेलात तरी निम्मी फळी तुमच्या विरोधातच असते. रंध्याचं पातं रेष्याखाली शिरतं आणि कापायच्या आधी उचकटून काढतं, तो तुमचा टवका.

तीन गोष्टी करा. चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी, पात्याच्या धारेजवळ सरकवा, अर्धा मिलिमीटरसुद्धा जास्त होतो. काप इतका बारीक घ्या की त्यातून अक्षरं वाचता आली पाहिजेत. आणि धार. खरं म्हणजे धार आधी लिहायला पाहिजे होती कारण दहातल्या आठ पत्रांचं उत्तर तेवढंच असतं. २५ अंशाच्या उतारावर पुढे बारीकशी ३० अंशाची कड काढायची, ती कड १००० ग्रिटच्या दगडावर घासायची, मागच्या सपाट बाजूला अंगठ्याला कणी, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कोर, लागेपर्यंत (आडवा अंगठा फिरवा, उभा नको, मी फिरवलाय), कणी पूर्ण रुंदीत लागली नाही तर धार झालीच नाही असं समजा, मग त्याहून बारीक ६००० वर जा आणि ती कणी काढा. हातावरचे केस काढून दाखवणारे खूप असतात, मला त्यात राम वाटत नाही. पाइनच्या तुकड्याचं आडवं तोंड पटाशीने कापून बघा. मऊ रेषे बोथट धारेसमोर दबतात आणि चुरा होतात, चांगल्या धारेने तेच तोंड चकचकीत निघतं. गंमत म्हणजे कडक लाकडावर अर्धवट धारसुद्धा खपून जाते, मऊ लाकूड लपवाछपवी करत नाही.

एवढं करूनही एखाद्या जागी टवके उडत असतील तर तिथे स्क्रेपर (खरवडायचा पातळ पोलादी पत्रा) घ्या, रंध्याशी हट्ट करू नका.

प्रश्न : मालवाहतुकीची जुनी पॅलेट फुकट मिळतायत. त्यांचं लाकूड घरातल्या शेल्फला वापरलं तर चालेल का?

शिक्का बघा. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर धान्याच्या कणसाचं चित्र आणि शेजारी अक्षरं असतात. एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. एचटीचा अर्थ कीड मेली इतकाच आहे, त्यावर नंतर काय सांडलं ते शिक्का सांगत नाही, म्हणून डाग असलेली किंवा वास मारणारी सोडून द्या. खिळे उपटत बसलात तर फळ्या फुटतील, दोन फळ्यांच्या फटीत लोखंड कापायचं पातं घालून खिळेच कापा, आणि रंधा लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा. एका खिळ्याने पात्याला पडलेला खाचा घालवायला अर्धा तास जातो.

प्रश्न : छंद नवीन आहे. पहिलं मोठं मशीन म्हणून टेबल सॉ (टेबलातून वर आलेलं गोल फिरतं पातं) घेऊ का?

माझं मत, इतक्यात नको. एक चांगली करवत (ओढून कापणारी जपानी असेल तर पातं पातळ आणि काप बारीक), एक रंधा, ६, १२ आणि २० मिलिमीटरच्या पटाश्या, गुण्या, धारेचे दगड आणि वाटतात त्यापेक्षा दुप्पट क्लॅम्प, यात वर्ष निघतं. टेबल सॉ घेतलाच तर पात्यामागचा रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट उघडी ठेवणारी पातळ पट्टी, काढून ठेवू नका, कापलेली फट मिटून पात्याला चिमटा बसला की तुकडा उलटा तुमच्या पोटाकडे येतो. हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ जायचं नाही, मोजा अडकला की हात ओढला जातो. मास्क मात्र पहिल्या दिवसापासून, एन९५ तरी, लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच खात्रीने कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकलीय.

प्रश्न : जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या पेट घेतात म्हणे. खरंच?

खरंच. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्यात उष्णता निघते, बोळा करून डब्यात टाकला तर ती आत साठते आणि काडी न लावता आग लागते. टॉपला लावलेलं तेल पेटत नाही कारण तिथे उष्णता पसरून जाते. चिंधी उघड्यावर एकेरी पसरून वाळत घाला, पुठ्ठ्यासारखी कडक झाली की मग कचऱ्यात. तेवढा वेळ नसेल तर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.