वाचक विचारतात : पकडलेला बिबट्या मेळघाटात का सोडत नाहीत?

वाघ, बिबट्या आणि व्याघ्र प्रकल्प यांवर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे उसातला बिबट्या रोजचा झालाय. पिंजरा लावून एक पकडला की महिन्याभरात दुसरा हजर. हे बिबटे मेळघाटात नाहीतर ताडोबात नेऊन कायमचे का सोडत नाहीत? तिथं एवढं जंगल पडलंय. (ऊस उत्पादक, निफाड)

उत्तर : जंगल मोठं आहे, पण पडलेलं नाही. तिथली प्रत्येक टेकडी, प्रत्येक पाणवठा कोणीतरी आधीच धरून बसलंय. वाघ दिसेल त्या बिबट्याला हुसकावतो, गाठला तर मारतो. म्हणून व्याघ्र प्रकल्पातले मूळचे बिबटेसुद्धा कडेकडेने, गावांच्या बाजूला राहतात. त्यात तुमचा निफाडचा बिबट्या नेऊन सोडला तर तोही कडेलाच येणार. फरक एवढाच की गाव त्याच्या ओळखीचं नसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे तो परत येतो, निदान परतायला निघतो. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका नराला जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. ‘आजोबा’ म्हणून तो पुढे ओळखला गेला. महिन्याच्या आत सुमारे 120 किलोमीटर चालून तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत रेल्वे, हायवे, वसईची खाडी, काहीच आडवं आलं नाही. जुन्नर भागात 2001 ते 2003 दरम्यान बिबटे पकडून लांब सोडण्याचा सपाटा लावला, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अनोळखी मुलखात, पिंजऱ्याच्या गजांवर सुळा मोडून घेतलेला, बिथरलेला प्राणी सोडल्यावर दुसरं काय होणार?

तुम्ही लिहिलेलं ‘महिन्याभरात दुसरा’ हे तर अगदी बरोबर निरीक्षण आहे. एकाला उचललं की जागा मोकळी होते आणि आसपासचा तरणा बिबट्या ती घेतो. शिवाय पिंजरा शेळी पाहून आत शिरेल त्याला पकडतो. शेळ्या नेणारा तोच होता याची खात्री कोण देणार? बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे पकडायलाही वरून परवानगी लागते.

मग करायचं काय? आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत सावली, पाणी, रानडुक्कर आणि बाहेर वस्तीवरची कुत्री. उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच घर. तेव्हा हात घालायचा तो गोठ्याला. नुसती भिंत उपयोगाची नाही, सहा-सात फूट तो सहज चढतो. वरूनही जाळी हवी, खाली दगडी जोतं हवं आणि दाराला बाहेरून ढकलून उघडणार नाही अशी कडी. रात्री पाणी धरायला एकट्याने जाऊ नका. दोघं जा, बोलत जा, मोबाइलवर गाणं चालू ठेवा. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस त्याला लहान जनावर वाटतो, म्हणून दिवेलागणीनंतर उसाच्या कडेला बसणं टाळा, मुलांना तर अजिबात पाठवू नका.

तोडणीत बछडे सापडले तर कोयते थांबवा, तेवढा फड सोडून मागे सरा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. बछडे हाताळू नका, घरी नेऊ नका, फोटोसाठी मांडीवर तर मुळीच नको. वनविभागाचे लोक तपासणी करून संध्याकाळी त्यांना त्याच जागी, मादीला सहज पाडता येईल अशा क्रेटमध्ये ठेवतात. मादी रात्री येते आणि एकेक करून तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. हे फसतं ते बहुतेक वेळा बघ्यांमुळे. शंभर माणसं मोबाइलची बॅटरी मारत उभी असतील तर ती उसातच दबून राहते.

प्रश्न : मे महिन्यात आई-वडिलांना (वय 68 व 72) घेऊन वाघ बघायला जायचंय. ताडोबा की मेळघाट? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : वाघच बघायचा असेल तर ताडोबा. मेळघाटात वाघ आहे, पण डोंगर-दऱ्यांचा, दाट सागाचा मुलूख असल्याने तो दिसणं नशिबाचं. उलट सातपुडा बघायचा असेल, गवे, अस्वल, सिपना-खापरा नद्यांचे डोह, तर मेळघाटाला तोड नाही. सेमाडोह या गावाच्या नावातच डोह आहे. उन्हाळ्यात नदी आटते, डोह उरतात आणि जनावरं तिथं येतात.

ताडोबासाठी नाशिक रोडहून नागपूर गाठा (रेल्वेने सुमारे साडेसहाशे किलोमीटर), पुढे रस्त्याने. मोहर्ली गेट घेतलंत तर चंद्रपूर जवळ, कोलारा घेतलंत तर चिमूरचा रस्ता. आधी गेटचं बुकिंग मिळवा आणि मगच रेल्वेचं तिकीट व हॉटेल ठरवा. लोक उलटं करतात आणि शेवटी शंभर किलोमीटर लांबचं गेट पदरात पडतं. ताडोबा मंगळवारी बंद असतो. कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद. बुकिंग करताना दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात जवळ हवं. आधार क्रमांक देऊन गेटवर लायसन्स दाखवलं की वाद होतो. जिप्सीत पर्यटक सहा, शिवाय चालक आणि गाइड.

चंद्रपूरचा मे म्हणजे पारा 45 च्या वर. वडीलधारी बरोबर आहेत म्हणून फक्त सकाळची फेरी घ्या आणि दोन दिवसांत दोनच. जिप्सीच्या मागच्या सीटवर धक्के सगळ्यात जास्त बसतात, तिथं तरुणांनी बसावं. आत उतरायला परवानगी ठरावीक ठिकाणीच असते, तेव्हा निघण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. ही साधी बाब विसरल्याने कित्येकांची सफारी अर्ध्यावर बिघडते.

आत गेल्यावर चालकाच्या मागे ‘वाघ दाखव, वाघ दाखव’ लागू नका. गाडी बंद करून ऐकू द्या. चितळ ओरडतं, वानर खाकरतं, पण ही दोघं बिबट्याला, कधी कधी उगाच सावलीलाही ओरडतात. सांबराचा ‘ढांक’ असा एकदाच, थांबून, परत एकदा आवाज आला की गाइड ताठ होतो. सांबर सहसा खोटं बोलत नाही.

प्रश्न : बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून वाघ मोजतात, त्यात भाग घेता येतो का? आणि एवढ्यावरून राज्यात 444 वाघ असा आकडा कसा निघतो? (सिन्नर)

उत्तर : भाग घेता येतो, पण त्याला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतात, आणि ते नाव योग्य आहे. पाणवठ्यावर रात्रभर बसून जे दिसलं ते लिहायचं, यात एकच वाघ दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जातो. अवकाळी पाऊस पडून रानात डबकी साचली असतील तर तो पाणवठ्याकडे फिरकतही नाही.

444 हा आकडा 2022 च्या देशव्यापी गणनेतला. ही गणना दर चार वर्षांनी होते. जंगलाचे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकात वाघाच्या नेहमीच्या वाटेवर दोन कॅमेरे समोरासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावतात. दोन कशासाठी? वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात, आणि दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय हा तोच की दुसरा हे ठरत नाही. किमान 25 दिवस कॅमेरे तसेच राहतात. जिथं कॅमेरे नाहीत तिथं पायी फिरून नोंदलेल्या खुणा, भक्ष्य प्राणी आणि जंगलाची स्थिती यांवरून अंदाज बांधतात. म्हणून 444 हा डोकी मोजून आलेला आकडा नव्हे, तो शास्त्रीय अंदाज आहे.

बिघडतं ते किरकोळ गोष्टींत. कॅमेऱ्यासमोरचं गवत कापलं नाही तर वाऱ्याने हलून हजारो रिकामे फोटो निघतात. तारीख-वेळ चुकली तर दोन बाजूंचे फोटो जुळवता येत नाहीत. तरी काचेवर पंजाचा ठसा गिरवून ‘हा अमुक वाघ’ म्हणण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे कितीतरी भरवशाचं. त्या पद्धतीने कागदावर वाघ दिसत राहिले आणि राजस्थानातल्या सरिस्कात 2004 च्या सुमारास एकही उरला नव्हता.

प्रश्न : आमच्या पाड्यावर वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. जे लोक वाघाला देव मानतात त्यांनाच व्याघ्र प्रकल्पातून का उठवतात? (पेठ)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. आश्विन वद्य द्वादशीला पेठ-सुरगाण्यात कोकणा, वारली, महादेव कोळी जे करतात, त्याच जातीचं नातं मेळघाटातल्या कोरकूंचं किंवा ताडोबाच्या गोंडांचं आहे. ताडोबा हे नावच तारू या देवावरून आलं, आणि तो वाघाशी झुंजताना गेला अशी कथा सांगतात.

कायदा ‘उठवा’ म्हणत नाही. वन्यजीव कायद्यातल्या 2006 च्या दुरुस्तीनुसार प्रकल्पाच्या गाभ्यातून गाव हलवायचं तर ते स्वेच्छेने. आधी वनहक्क कायद्याप्रमाणे दावे निकाली काढायचे, मग ग्रामसभेची लेखी संमती. मोबदला 2021 पासून कुटुंबामागे 15 लाख रुपये, किंवा त्याऐवजी शेतजमीन आणि घरासह पुनर्वसन. अठरा वर्षांवरचा मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जातो, हे अनेक घरांना माहीत नसतं, आणि यादीत नाव राहून गेलं की पुढे घालून घेणं अवघड.

मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावं सर्वांत आधी बाहेर आली. अशा ठिकाणी गाभ्यात गवत परत आलं, चितळ-सांबर वाढलं, हे खरं. पण रोख रक्कम गाडी, लग्न, उसनवारी यांत दोन-तीन वर्षांत उडते. मिळालेल्या जमिनीला पाणी नसतं. आणि मोह, चारोळी, तेंदू, डिंक यांवर चालणारं वर्षाचं गणित बाहेर जुळत नाही. त्याची किंमत मोबदल्याच्या कागदावर कुठेच नसते. म्हणून संमतीचा अंगठा देण्याआधी नवी जमीन उन्हाळ्यात जाऊन बघावी, पावसाळ्यात नव्हे. विहिरीचं पाणी मे महिन्यातच कळतं.

प्रश्न : नाल्यातल्या वाळूत मोठे पंजे उमटलेत. नांदगाव भागात वाघ असू शकतो का? (नांदगाव)

उत्तर : अशक्य नाही. मार्च 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक नर सुमारे 330 किलोमीटर चालून चाळीसगाव-कन्नडच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात आला होता. गौताळा तुमच्यापासून काही फार लांब नाही. पण तुमच्याकडे बिबट्या किंवा तरस असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

नखांच्या खुणा उमटल्या असतील तर तरस किंवा कुत्रा. नखं नसतील, मागच्या गादीला तीन फुगे असतील, तर मांजरकुळ. रुंदी आठ-नऊ सेंटिमीटरच्या आत असेल तर बिबट्या समजा. पूर्ण वाढलेल्या नर वाघाचा पंजा तेरा-चौदापर्यंत जातो. ओल्या वाळूत ठसा पसरतो, म्हणून कोरड्या, घट्ट मातीतला शोधा. शेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून फोटो काढा, तिरका नको. ठशावर पाटी उलटी घाला म्हणजे गुरांच्या पायाखाली मोडणार नाही, आणि 1926 ला कळवा.