आम्ही वाघोलीत आहोत. गरोदरपणाचा १४ वा आठवडा, अंडाशयात ८ सेंमीची गाठ, पोटात कळ. डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) नॉर्मल आहे तर सकाळपर्यंत थांबावं का?

थांबू नका. कळ अचानक उठली असेल आणि सोबत उलट्या होत असतील, तर वाघोलीहून आत्ताच पुण्याच्या ससून रुग्णालयात न्या, किंवा रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हजर असतील अशा रुग्णालयात. गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. पीळ पडला की आधी शिरा दबतात, धमनी बराच वेळ वाहत राहते. शिवाय अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळतं. म्हणून डॉप्लरवर प्रवाह दिसला तरी पीळ नाही असं म्हणता येत नाही. निर्णय लक्षणांवर होतो. कळ मधेच कमी झाली तरी गाफील राहू नका, पीळ अर्धवट सुटून पुन्हा बसतो.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया गरोदरपणातही करता येते. तीत मुख्य काम पीळ सोडवण्याचं. अंडाशय काळानिळा दिसला तरी बहुतेक वेळा सावरतो, त्यामुळे 'काढूनच टाकू' असं कोणी म्हणालं तर का, हे जरूर विचारा. सूज फार असेल तर गाठ त्याच वेळी न सोलता पुढे ढकलतात.

निघताना:
- तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा
- सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि रक्तगट सोबत घ्या

१० आठवड्यांच्या आत कॉर्पस ल्युटियम (अंडाशयातला, गर्भ टिकवणारं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन बनवणारा भाग) काढावं लागलं तर प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावं लागतं. १४ व्या आठवड्यात ते काम वारेने घेतलेलं असतं. मात्र अशीच कळ अपेंडिक्स किंवा मुतखड्यानेही येते, आणि अपेंडिक्सही सकाळपर्यंत थांबत नाही.