नॉमिनी आहे म्हणून आई राहते तो वडिलांचा फ्लॅट गहाण ठेवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडील 2021 मध्ये मृत्युपत्र न करता गेले, पुण्यातला फ्लॅट त्यांनी स्वकमाईतून घेतलेला, सोसायटीत नॉमिनी तुम्ही, आणि आता त्यावर 48 लाखांचं मॉर्गेज लोन काढून हिंजवडीला बांधकाम चालू असलेला 62 लाखांचा टूबीएचके इन्व्हेस्टमेंट म्हणून घ्यायचाय. लोनवाला एजंट म्हणतो एकुलता वारस असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट द्या, काम होऊन जाईल, बहिणीचं लग्न झालंय तिला कशाला मधे आणता.

अहो, तिथेच सगळं घोडं अडलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटी तुम्हाला फारतर तात्पुरता सभासद करून घेईल, मालकी ठरते वारसा कायद्याने. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण तिघंही सारखे वारस, लग्नाने बहिणीचा हक्क जात नाही. आणि तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की आजी 2023 मध्ये गेली, वडिलांची आई, म्हणजे वडील गेले त्या दिवशी ती हयात होती! मग तीही वारस. तेव्हा तिघं नाही, चौघं, प्रत्येकी चौथा हिस्सा. आजीनेही मृत्युपत्र केलं नसेल आणि आजोबा आधीच गेले असतील तर तिचा चौथा हिस्सा काका, आत्या आणि तुमच्या वडिलांची मुलं अशा तीन वाटांत जातो, म्हणजे काका आणि आत्या मिळून फ्लॅटच्या सहाव्या हिश्श्याचे मालक झालेत, त्यांना स्वतःला पत्ताही नसेल. लोकांचं हे हमखास राहून जातं, आणि मग दहा वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की निघतं.

त्यामुळे ते अ‍ॅफिडेव्हिट सरळ सरळ खोटं, त्यावर पैसे उचलले तर सही तुमची, फौजदारी तुमच्यावर होऊ शकते. रीतसर करायचं तर बहीण, काका, आत्या यांचं हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या, अर्थात ते राजी असतील तर. आईचा हिस्सा मात्र आईकडेच राहू द्या, हे मी वकील म्हणून कमी आणि चार घरं बघितलेला माणूस म्हणून जास्त सांगतोय.

आता समजा सगळे सह्या करायला तयार झाले, तरी हिशेब बघा. तुम्ही सांगितलेल्या 10 टक्के व्याजाने 15 वर्षांचा हप्ता साधारण 51,600 येतो, मॉर्गेज लोन एकरकमी मिळतं म्हणजे पूर्ण हप्ता लगेच सुरू, आणि पझेशन तीन वर्षांनी. तोवर साडेअठरा लाख भरून झालेले असतील आणि तुम्ही धरलेलं 22 हजार भाडं अजून सुरूही नाही. हप्ते 90 दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, मग सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, त्यानंतर बँक कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते. कुठला ताबा? हिंजवडीचा नाही, आई राहते त्या घराचा.

त्यापेक्षा नव्या फ्लॅटवरच साधं होमलोन घ्या. 30 ते 75 लाखांच्या कर्जात किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत मिळतं, म्हणजे 49 लाख 60 हजार, आणि स्लॅब पडतील तसे, म्हणजे बांधकाम पुढे सरकेल तसे पैसे सुटतात. तुमच्या एफडीच्या 14 लाखांतून तुमचा वाटा निघेल पण स्टँप ड्यूटी, जीएसटी निघणार नाही, तर मग वनबीएचके बघा.

बिल्डर अलॉटमेंट लेटरवर 10 लाख मागतोय ना? देऊ नका. रेरा कायद्याने करारनामा रजिस्टर होईपर्यंत त्याला 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तुमच्या बाबतीत 6 लाख 20 हजार. चेक लिहून ठेवलाय म्हणता, तो ड्रॉवरमध्येच राहू द्या, एजंटला नाही कळवा, आणि भेटायला याल तेव्हा वडिलांच्या बरोबर आजीचाही मृत्यूदाखला घेऊन या.