‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे काय?

प्रश्न : ताई, मुलगी नोकरीसाठी ईमेल लिहितेय, शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ टाकलंय, मी म्हणते ‘मीटिंग’ पाहिजे, ती ऐकतच नाही. बरोबर कोण?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : तुम्हीच बरोबर! इथल्या ‘टू’पुढे नाम येतं नाहीतर आयएनजीवालं रूप, म्हणजे ‘टू युअर रिप्लाय’ किंवा ‘टू मीटिंग यू’. शंका आली की पुढे ‘इट’ ठेवून बघा, ‘लुक फॉरवर्ड टू इट’ जमतं ना, मग आयएनजीच लावायचं, ‘वॉन्ट टू इट’ जमत नाही म्हणून तिथे साधं ‘मीट’. आणि फॉर्मल ईमेलमध्ये ‘आय ॲम लुकिंग’पेक्षा ‘आय लुक’च जास्त शोभतं, ते तिनं अगदी छान लिहिलंय, तेवढं ‘मीटिंग’ करा आणि पाठवून द्या.