खोडा घालणाऱ्या क्रीचरचे मोल कसे ठरवावे?

प्रश्न : आम्ही काही मित्र ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ मॉडर्न फॉरमॅटमध्ये, म्हणजे त्याच्या एका ठरावीक प्रकारात, खेळतो. प्रतिस्पर्ध्याच्या खेळात खोडा घालणाऱ्या दोन मॅनाच्या (मॅना म्हणजे पान टाकण्याची किंमत) क्रीचरांपैकी, म्हणजे मैदानात उतरून लढणाऱ्या पानांपैकी, सरस कोणता, यावर आमच्यात वाद आहे. मला काइटसेल फ्रीबूटर आवडतो, कारण तो समोरच्याचा हात दाखवतो आणि त्यातले पान काढून ठेवतो. मित्राचे म्हणणे असे की फ्रीबूटर मेला की पान परत जाते, म्हणजे सगळे मुसळ केरात. त्यापेक्षा थालिया बरी. असे क्रीचर जोखण्याची काही रीत आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मित्राचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु निष्कर्ष घाईचा आहे. फ्रीबूटर मेला की पान परत जाते हे खरे. मात्र मधल्या काळात ते पान प्रतिस्पर्ध्याला वापरता आलेले नसते, आणि तो काळ किती होता व तेवढ्यात आपण काय साधले, यावर सारा हिशेब ठरतो. अशा क्रीचरकडून मुख्यतः वेळ मिळतो. पान हाती लागले तर तो वरचा नफा समजावा.

ज्या वाचकांना ही पाने ठाऊक नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रीबूटर २०१७ च्या इक्सालान संचातला. त्याची ताकद १, टणकपणा (मार सोसण्याची क्षमता) २, आणि तो उडतो. मैदानात येताच आपण प्रतिस्पर्ध्याचा हात पाहतो आणि त्यातले क्रीचर किंवा लँड (मॅना देणारे पान) नसलेले एक पान, फ्रीबूटर मैदानात असेपर्यंत, बाजूला काढून ठेवू शकतो. ‘थालिया, गार्डियन ऑफ थ्रेबेन’ २०१२ च्या डार्क असेन्शन संचातली. तिची ताकद २, टणकपणा १, लढाईत तिचा वार आधी पडतो, आणि ती मैदानात असेपर्यंत क्रीचर नसलेल्या प्रत्येक स्पेलला (लँड सोडून टाकलेल्या पानाला) एक मॅना जास्त मोजावा लागतो. हा नियम दोघांनाही लागू असतो. थालिया म्हणजे जकात नाका आहे: ती कोणाला अडवत नाही, पण प्रत्येक मालामागे वसुली करते आणि स्वतःच्या मालकालाही सोडत नाही.

पहिली कसोटी अशी की तो क्रीचर हटवायला प्रतिस्पर्ध्याला काय मोजावे लागते. प्रतिस्पर्ध्याने फ्रीबूटरवर लाइटनिंग बोल्ट हा क्रीचर मारणारा स्पेल टाकला तर आपल्या दोन मॅनांना त्याने एका मॅनात उत्तर दिले आणि काढून ठेवलेले पानही परत मिळवले. पानास पान गेले, पण मॅनाच्या हिशेबात तो एकाने पुढे राहिला. थालियावर तोच बोल्ट टाकायला त्याला दोन मॅना लागतात, म्हणजे ती मरतानाही वसुली करून जाते. दुसरीकडे फ्रीबूटरला एक संरक्षण आहे, जे नवखे खेळाडू विसरतात: तो बोल्टच काढून घेऊ शकतो. समोरच्या हातात क्रीचर मारणारे एकच पान असेल तर बहुतेक वेळा तेच घ्यावे, म्हणजे फ्रीबूटर टिकतो. अशी दोन पाने दिसली तर त्यांतले एक घेऊन उपयोग नाही. दुसऱ्याने तो मरेल आणि पहिलेही परत जाईल. तेव्हा त्याचे मरण गृहीत धरून, ज्या पानाचा पुढच्या एक-दोन टर्नमध्ये सर्वांत जास्त त्रास होणार असेल ते काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते. शिवाय हात पाहिल्याने मिळालेली माहिती फ्रीबूटर मेल्यावरही आपल्याकडेच राहते. ‘सगळे मुसळ केरात’ म्हणताना आपल्या मित्राने ही बाजू मोजलेली दिसत नाही.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची: समोरचा डेक कशावर चालतो? मॉडर्नमधल्या स्टॉर्म डेकचे उदाहरण घ्या. पायरेटिक रिच्युअल दोन मॅना घेऊन तीन देतो, म्हणजे प्रत्येक वेळी एकाचा नफा होतो, आणि असे स्पेल एकामागून एक टाकत तो डेक एकाच टर्नमध्ये सामना संपवतो. थालिया मैदानात आली की तोच रिच्युअल तीन घेऊन तीन देऊ लागतो. नफा शून्य झाला की साखळी सुरूच होत नाही. त्या डेकमधला बराल हा क्रीचर आपल्या मालकाचे असे स्पेल एका मॅनाने स्वस्त करतो, त्यामुळे तो मैदानात असेल तर थालियाची वसुली भरून निघते. पण मग प्रतिस्पर्ध्याला आधी बराल टिकवावा लागतो. याच डेकविरुद्ध फ्रीबूटर एखादे कळीचे पान दाबून ठेवील, पण त्याला मारायचे केव्हा हे प्रतिस्पर्धी ठरवील. तो आपल्या निर्णायक टर्नपर्यंत थांबेल, फ्रीबूटरला मारील, पान परत घेईल आणि त्याच टर्नमध्ये पुढे जाईल. वेळ निवडण्याचा हक्क कोणाकडे राहतो, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते. याउलट एल्व्ह्जसारखा डेक, ज्यात बहुतेक सारे क्रीचरच असतात, त्याच्यापुढे थालियाचा नियम जवळजवळ निकामी ठरतो आणि फ्रीबूटरला घेण्यासारखे पानच सापडत नाही. तिथे थालिया थोडी तरी सरस ठरते, कारण आधी वार करणारी २/१ (ताकद २, टणकपणा १) लहान क्रीचरांना रोखून धरते.

तिसरी कसोटी आपल्याच डेकची. वीस आयुष्याच्या खेळाडूला एकटी थालिया दहा हल्ल्यांत संपवते आणि एकटा फ्रीबूटर वीस. इतका उसना वेळ दोघांपैकी कोणीही देत नाही. म्हणून बाकीचा डेक वेगाने मारा करणारा हवा, नाहीतर मिळवलेला वेळ वाया जातो. लेगसी या दुसऱ्या फॉरमॅटमधला ‘डेथ अँड टॅक्सेस’ हा डेक या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. त्यात पहिल्या टर्नला इथर व्हायल येते, जी पुढे क्रीचरांना मॅना न मोजता मैदानात आणते. दुसऱ्या टर्नला थालिया येते. त्यानंतर वेस्टलँड ही लँड समोरच्याच्या विशेष लँड उडवते. व्हायल स्वतः क्रीचर नसल्यामुळे ती थालियाच्या आधीच उतरवायची असते, हा क्रम चुकला तर आपलीच जकात आपल्याला भरावी लागते. लँड कमी असलेल्याला एक मॅना फार जड जातो, आणि त्या डेकचे सारे बळ या जोडणीत आहे. ज्या डेकमध्ये स्वतःचेच वीस-पंचवीस स्पेल क्रीचर नसलेले आहेत, तिथे थालिया घालण्याचा मोह टाळावा.

आता आकड्यांकडे वळू. साठ पानांच्या डेकमध्ये एखाद्या पानाच्या चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात पानांत ते येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. आपण आधी खेळत असू तर दुसऱ्या टर्नपर्यंत आठ पाने पाहिली जातात आणि ती शक्यता साधारण ४४ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक डावांत आपला लाडका क्रीचर दुसऱ्या टर्नला मुळी हातातच नसतो. तो सहाव्या टर्नला आला तर काय करील, हा प्रश्न म्हणून विचारलाच पाहिजे. तोवर प्रतिस्पर्ध्याचा हात रिकामा झाला असेल तर फ्रीबूटर हा उडणारा एक चिमुकला क्रीचर उरतो. थालियाची वसुली चालूच राहते, पण सहा लँड असलेल्याला ती फारशी जाणवत नाही. त्यातून थालिया लेजंडरी असल्याने एका वेळी एकच ठेवता येते, आणि पहिली जिवंत असेपर्यंत दुसरी हातात अडून बसते.

तुमच्या वादाचा निकाल मागाल तर तो असा. समोर कोणता डेक येईल हे माहीत नसताना मी थालिया निवडीन, आणि ज्या मंडळींचे डेक एखाद्याच कळीच्या पानावर चालतात अशांत नेहमी खेळणे असेल तर फ्रीबूटर. तुमचा डेक पांढऱ्या आणि काळ्या रंगांचा असेल तर मात्र भांडण्याचे कारणच नाही: दोघांच्या मिळून आठ प्रती ठेवल्या तर आधी खेळताना दुसऱ्या टर्नपर्यंत त्यांपैकी एक तरी हाती असण्याची शक्यता ७० टक्क्यांवर जाते.

प्रश्न : प्रतिस्पर्ध्याने टाइडहॉलो स्कलर हा क्रीचर उतरवताच, त्याचा परिणाम घडण्यापूर्वीच, मी तो मारला. तरीही माझे पान बाजूला गेले आणि परत आलेच नाही. हे नियमाला धरून आहे का?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : आहे. स्कलर २००८ च्या शार्ड्स ऑफ अलारा संचातला, आणि त्याच्यावर दोन स्वतंत्र परिणाम लिहिलेले आहेत: आला की पान बाजूला जाते, आणि गेला की ते परत येते. पहिला परिणाम घडण्याआधीच आपण त्याला मारल्यामुळे दुसरा परिणाम स्टॅकवर (घडायच्या परिणामांच्या चळतीत, जिथे वरचा आधी घडतो) त्याच्या वर बसला आणि आधी घडला. त्या क्षणी परत करण्यासारखे काहीच नव्हते. मग पहिला घडला, पान गेले, आणि आता ते परत आणणारा परिणाम शिल्लक उरला नाही. स्कलर समोर आला की पान बाजूला जाईपर्यंत थांबावे आणि मगच त्याला मारावे. अर्थात प्रतिस्पर्धी आपले तेच मारणारे पान उचलण्याचा धोका असतो, आणि हातात ते एकच असेल तर थांबणेही महागात पडते. स्कलरचा मालक स्वतःच त्याचा योग्य क्षणी बळी देऊन हीच युक्ती मुद्दाम करू शकतो. ही पळवाट गृहीत धरली तर त्याचे मोल कागदावर दिसते त्याहून जास्त आहे; शिवाय तो क्रीचरचे पानही घेऊ शकतो.

२०१३ मध्ये बॅनिशर प्रीस्टपासून ‘मैदानात असेपर्यंत’ अशी रचना रूढ झाली. फ्रीबूटरही त्याच धर्तीचा आहे. फ्रीबूटर आपला परिणाम घडण्याआधीच मेला तर पान हलतच नाही, म्हणून त्याच्या बाबतीत घाई योग्य. एलिट स्पेलबाइंडर या क्रीचरची तऱ्हा आणखी वेगळी. २०२१ चे हे पान ब्राझीलचे विश्वविजेते पाउलो व्हिटोर दामो दा रोसा यांच्यावर बेतलेले आहे. स्पेलबाइंडर समोरच्याच्या हातातून बाजूला काढलेले पान मालकाला खेळू देते, पण ते स्पेल असेल तर दोन मॅना जास्त मागते, आणि ही वाढीव किंमत स्पेलबाइंडर मेल्यावरही टिकते. क्रीचर मेला तरी खोडा टिकतो का, हे वाचणे ही माझ्या मते अशा पानाची पहिली तपासणी असावी. तीन मॅनांत ३/१ आणि उडणारा, असा मारा करणारा देहही सोबत येतो, हे विसरू नये.

प्रश्न : ग्रीफ या क्रीचरवर बंदी का आली? हातातले एक पान टाकायला लावणारे क्रीचर तर कितीतरी आहेत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ग्रीफ चार मॅना मोजून उतरवला जात असता तर त्याच्यावर कोणी एक ओळही लिहिली नसती. त्याची खरी ताकद इव्होकमध्ये होती: हातातले एक काळे पान बाजूला टाकले की तो शून्य मॅनात येतो, समोरच्याच्या हातातले लँड नसलेले एक पान टाकायला लावतो आणि मग त्याचा बळी द्यावा लागतो. खेळाडूंनी या बळीच्या वेळी एका मॅनाचा अनडाइंग इव्हिल टाकायला सुरुवात केली. ग्रीफ मरून लगेच परत येई, दुसरे पान घालवी आणि ३/२ ऐवजी ४/३ होऊन मैदानात उभा राही, तोही पहिल्याच टर्नला. लेगसीत मेलेला ग्रीफ परत आणण्याचे हेच काम चार आयुष्य मोजून रीअॅनिमेट करत असे. पानांचा हिशेब मांडला तर हल्ला करणाऱ्याची तीन पाने खर्च होतात आणि समोरच्याची दोन जातात. पण समोरच्याने अजून पहिली लँडही ठेवलेली नसते, आणि त्याच्या पाच पानांपुढे अंगावर येणारा क्रीचर उभा असतो. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मॉडर्न आणि लेगसी या दोन्ही फॉरमॅटांत ग्रीफ बंद झाला. मला ती बंदी उशिरा आली असे वाटते, कारण समोरच्याला एकही निर्णय घेऊ न देणारा डाव हरणाऱ्यालाच काय, पाहणाऱ्यालाही कंटाळवाणा होतो.

प्रश्न : ड्राफ्टमध्ये (जिथे खेळाडू जागेवरच पाने निवडून डेक बांधतात) आणि कमांडरमध्ये (जिथे प्रत्येकाचा कमांडर नावाचा एक क्रीचर हाताबाहेर तयार असतो) हेच निकष लागू पडतात का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ड्राफ्टमध्ये आधी देह, म्हणजे क्रीचरची लढण्याची क्षमता, पाहावा. चाळीस पानांत साधारण सतरा लँड आणि पंधरा-सोळा क्रीचर असतात, त्यामुळे फ्रीबूटरला घेता येतील अशी पाने जेमतेम सात-आठ राहतात आणि पुष्कळदा हातात एकही सापडत नाही. तो उडतो एवढ्यासाठी घ्यावा, खोड्याच्या आशेने घेऊ नये.

कमांडरमध्ये चौघे खेळतात आणि प्रत्येकाचे आयुष्य चाळीस असते. एका प्रतिस्पर्ध्याचे एक पान काढल्याने बाकीच्या दोघांना काही फरक पडत नाही, उलट त्यांचा फायदाच होतो. तिथे सर्वांना एकदम लागू होणारे क्रीचर पाहावेत. २०२० च्या इकोरिया संचातला ड्रॅनिथ मॅजिस्ट्रेट हे चांगले उदाहरण आहे: दोन मॅनांत तो सर्व प्रतिस्पर्ध्यांना हाताबाहेरून स्पेल टाकण्यास मनाई करतो, म्हणजे त्यांच्यापैकी कोणालाही स्वतःचा कमांडर उतरवता येत नाही. तो अतिशय प्रभावी आहे आणि म्हणूनच तिघेही मिळून आधी त्याच्यावर आणि मग तुमच्यावर तुटून पडतील. तेव्हा त्याच्या मागोमाग दोन-तीन टर्नमध्ये डाव संपवण्याची तयारी नसेल तर तो हातातच राहू द्यावा.